कापसाची खोली

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्याजवळ माझ्या वहिनीसाठी एक निरोप दिला होता, आणि तो मी घरी पोचवला नाही. घडले ते एवढेच. ऐकणाऱ्याला ते कदाचित फार वाटणार नाही. पण त्या निरोपावाचून एका बाईचे गाणे गेले, आणि ज्या ध्वनिमुद्रणापायी ते गेले त्याच्यावर माझे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. आज वर्ध्यात, घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी लोकांची गाणी मुद्रित करतो. लांबून माणसे येतात आणि घरात बसून इतके स्वच्छ काम कसे काय करता, असे विचारतात. या प्रश्नाचे खरे उत्तर मी कोणालाच दिले नव्हते. ज्या व्यक्तीला ते सर्वांत आधी मिळायला हवे होते तिला ते अलीकडेच दिले, आणि त्यानंतरच हे प्रकरण लिहायला बसण्याचे धाडस झाले.

आमचे गाव आंजीच्या पलीकडे. शेती दोन तुकड्यांत होती. विहिरीजवळच्या तुकड्यात भाजीपाला, आणि दूरच्या काळ्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. भाजीपाल्याच्या घरात दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. हौदात पालकाच्या जुड्या बुडवून झटकल्याचा आवाज, वांगी पोत्यात घरंगळत जाण्याचा आवाज, भाऊ सायकलच्या कॅरिअरवर रबराची ट्यूब ताणून बांधी तेव्हा तिचा होणारा जाड टणत्कार, या आवाजांनीच मला माझे लहानपण आठवते. चेहरे त्यांच्या मागून येतात. या साऱ्या आवाजांत एक आवाज असा होता की तो सुरू झाला की बाकीचे आपोआप हळू होत. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता सुमनवहिनी गुणगुणत. वहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, आणि पहिले काही महिने त्या घरात बोलल्याचे मला आठवत नाही. गायल्याचे मात्र आठवते. माझी आई, तिला आम्ही माय म्हणत असू, चुलीपाशी भाकरी थापत टोमणा मारी, "जुडी बांधून राह्यली का जुडीले झोपवून राह्यली? बाजार उठून जाईन, माय." पण गाणे थांबले तर मायच मान वळवून पाही.

तो आवाज रूढ अर्थाने गोड नव्हता. खालच्या पट्टीत त्याला थोडी खर होती, नव्या मडक्यावरून बोट फिरवावे तशी. वर जाऊ लागला की मात्र तो एकदम मोकळा होई, जसा नांगरलेल्या ढेकळांतून चालणारा माणूस अचानक पांदणीच्या सपाट वाटेवर यावा. गाणी कुठली विचाराल, तर निम्मी माहेरची आणि निम्मी त्यांची स्वतःची. त्यातले एक पऱ्हाटीच्या फुलाचे होते. हे फूल उमलते तेव्हा पिवळे असते आणि कोमेजताना गुलाबी होत जाते. वहिनींनी त्यावर दोन ओळी बांधल्या होत्या:

सकाळी पिवळं, उतरता गुलाबी,
पऱ्हाटीचं फूल माय, कोणापायी लाजी.

'लाजी'च्या वेळी आवाज वर चढे आणि तिथेच थांबे, खाली येण्याची घाई नसल्यासारखा. त्या थांबण्याचा मला फार मोह होता. तो कुठेतरी धरून ठेवावा असे मला वाटे, आणि माझ्या सगळ्या कथेचे मूळ त्या वाटण्यात आहे. धरून ठेवण्याची इच्छा आणि जपण्याची इच्छा यांतला फरक मला त्या वयात कळत नव्हता.

कॉलेज अर्धवट सोडून मी वर्ध्याच्या एका लाउडस्पीकरवाल्याकडे कामाला लागलो होतो. लग्ने, कीर्तने, सभा. तारा ओढणे आणि माइक शिट्टी मारू लागला की धावणे. तिथेच मला यंत्रांची गोडी लागली. पुढे नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची चार ट्रॅकची कॅसेट मशीन विकायला निघाली, तेव्हा भाऊने ती मला घेऊन दिली. या मशीनवर चार वेगवेगळे आवाज एकेकदा घेऊन नंतर एकत्र करता येत. भाऊ स्वतः ढोलक वाजवी आणि त्याला गाण्याचे वेड होते, पण मशीन घरी आणून ठेवताना तो एवढेच म्हणाला, "तुह्या वहिनीचा आवाज घे यात. बाकी तुले काय करायचं ते कर." मी ते वाक्य आज्ञेसारखे घेतले.

घरात मुद्रण करणे किती अवघड आहे, हे मशीन आल्यावर कळले. आमच्या माणसांचे कान जे कधीच ऐकत नसत ते सारे मशीन ऐके. विहिरीवरची मोटर, शेजारची कोंबडी, रस्त्यावरून गेलेली एसटी. आणि हे सारे टळले तरी खोली स्वतः बोले. वर पत्रे, खाली फरशी, चारी बाजूंनी गुळगुळीत भिंती. वहिनींचा प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून पुन्हा त्यांच्याच तोंडाशी येई. मी गोधड्या टांगल्या, पोती टांगली, मायची जुनी लुगडी टांगली. भाऊ म्हणे, "आपलं घर हाये का धोब्याचं?" तरी आवाज डब्यात बसून गायल्यासारखाच येई.

मग कापूस आला. आमच्याकडे वेचणीचा कापूस घरातच साठवत. भाव बरा येईपर्यंत समोरची मोठी खोली आढ्यापर्यंत त्याने भरून जाई, आणि घरातली माणसे उरलेल्या जागेत अंग चोरून राहत. एका दुपारी काहीतरी शोधायला मी त्या खोलीत शिरलो आणि मायला हाक मारली. हाक माझ्या ओठांपासून निघाली आणि तिथेच मेली. भिंतीवरून काही परत आले नाही. मी टाळी वाजवली. टाळीसुद्धा ओल्या मातीवर पडल्यासारखी पडली. पुढे मी मोठमोठ्या शहरांतले स्टुडिओ पाहिले, त्यांच्या भिंतींत काय काय भरतात तेही पाहिले. तशी शांतता मला पुन्हा भेटली नाही. त्या दिवशी मी कापसाच्या ढिगात उभा राहून एकटाच हसलो होतो. माझ्या आयुष्यातला तो अतिशय आनंदाचा क्षण होता, आणि आज तो आठवला की मान खाली जाते.

ढीग कोरून मी आत एक गुहा केली. तिच्यात लाकडी पाट, पाटावर वहिनी, आणि वर आढ्याला सुतळीने बांधलेला माइक. खिडकीत गादी कोंबली. पंखा बंद, कारण तो घरघरे. दार बंद, आणि दाराखालून तार काढून मी बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत, मशीनपाशी कानाला हेडफोन लावून बसे. दुपारी सारे रानात असत, मोटर बंद असे. तीच आमची वेळ. भाजी तोडून आलेल्या वहिनी हातपाय धुऊन, दोन घास खाऊन आत जात. बांगड्यांचा मात्र प्रश्न उभा राहिला. काचेच्या बांगड्या जरा हात हलला की किणकिणत आणि माइक त्या किणकिणीला मोठे करी. मी भीत भीत म्हणालो की गाण्यापुरत्या काढून ठेवता येतील का. मायने तव्यावरचा हात थांबवला. "सवाशिणीचे हात रिकामे नाई ठेवत, बापा. तुह्या मशीनले म्हण, कान झाकून घे." शेवटी वहिनींनीच उपाय काढला. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्या मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांवर गुंडाळून घेत. दोन्ही हात असे बांधून त्या कापसाच्या गुहेत बसत, तेव्हा शेतात जखम झालेल्या माणसासारख्या दिसत. आम्ही त्यावर हसत असू. त्यासुद्धा हसत.

पहिल्या गाण्यांचे मुद्रण घेऊन मी नागपूरला एका कॅसेट काढणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने दोनदा ऐकले आणि हे कुठल्या स्टुडिओत केले, असे विचारले. मी घरी म्हणालो तर त्याचा विश्वास बसेना. याच जातीची, याच सफाईची पुरी कॅसेट भरेल एवढी गाणी या हंगामात आणून दिलीस तर मी ती काढतो, असे तो म्हणाला. घरी येऊन मी हे वहिनींना सांगितले. संध्याकाळी भाकरीबरोबर त्यांनी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची उसळ केली होती, ती माझ्या ताटात वाढताना हळूच म्हणाल्या, "कॅसेटीवर नाव लिहितेत ना भाऊजी? माहेरचं का सासरचं?" मी म्हणालो, तुम्ही म्हणाल ते. त्यावर त्या विचारात पडल्या. तुम्हाला कोणते हवे, असे त्यांना याआधी बहुधा कोणी विचारले नव्हते.

त्या हिवाळ्यात आमचा कापूस विकलाच जाईना, कारण तो माझा स्टुडिओ होता. मी बाबांना दोनदा थांबवले. गावातले लोक विचारत, भाव आला तरी कापूस काऊन नाई इकला? बाबा गंभीरपणे उत्तर देत, "आमचा कापूस सध्या गाणं ऐकून राह्यला. त्याचं ऐकणं झालं का इकतो." पण साठवलेला कापूस माणसांना सुखाने राहू देत नाही. त्याच्यातून बारीक धूळ उडते, अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. सारे घर खाजवत होते. आणि दार-खिडकी बंद करून, पंखा बंद करून, त्या धुळीच्या मधोमध बसून वर तोंड करून श्वास भरून घेणारी घरात एकच व्यक्ती होती. हे मला दिसत नव्हते असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. दिसत होते. हेडफोनमध्ये माझ्याइतके त्यांच्या जवळ कोणीच नव्हते. श्वास घेताना त्यांच्या छातीत होणारी बारीक शीळ मी इतरांच्या कितीतरी आधी ऐकली होती, आणि ती ऐकून माइक थोडा दूर सरकवला होता, शीळ टेपवर येऊ नये म्हणून.

बोरांचा हंगाम होता. वहिनींना बोरे फार आवडत. रानातून येताना पदरात बांधून आणत आणि मिठाला लावून खात. त्यांचा घसा बसू लागला तेव्हा मायने सारा दोष बोरांवर टाकला. "आंबट खाऊन खाऊन घसा बसवला आपला. आता गाय म्हणा." गुळण्या झाल्या, हळदीचे दूध झाले. उतार पडेना. शेवटी भाऊने मला सांगितले, "तू घेऊन जाय सेवाग्रामले. मले बाजार हाये." म्हणून आम्ही दोघे एसटीने गेलो.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या आणि हिंदीत बोलत. त्यांनी वहिनींचा घसा बधिर करून आरशाने आत पाहिले, मग त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले आणि मला आत बोलावले. स्वरतंतूंना सूज आहे आणि गाठी धरू लागल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. महिनाभर पूर्ण मौन. गाणे नाहीच, कुजबुजणेसुद्धा नाही. कापसाच्या धुळीत पाऊल टाकायचे नाही. आत्ता जपले तर आवाज जसाच्या तसा येईल. याच्यावर गायल्या तर येईलच असे मी सांगू शकत नाही. आणि मग, मला आजही त्यांचा समजावणीचा स्वर आठवतो, त्या म्हणाल्या की हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. घरातली सून एकटी ठरवून गप्प राहू शकत नाही, साऱ्या घराने तिला गप्प राहू द्यावे लागते. तुम्ही घरी सगळ्यांना नीट सांगा. मी हो म्हणालो.

बाहेर आलो. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आम्ही एसटी येईपर्यंत एका झाडाखाली उभे राहिलो. त्यांनी बसक्या आवाजात विचारले, "काय म्हनलं डॉक्टरीणबाईनं?"

दोन गाणी उरली होती. चार दिवसांनी कापूस भरायला गाडी येणार होती आणि या वेळी बाबा ऐकणार नव्हते. कापूस गेला की खोली पुन्हा बोलू लागणार, आणि नव्या गाण्यांचा आवाज जुन्यांशी जुळणार नाही. नागपूरचा माणूस पुढच्या हंगामापर्यंत थांबणार नाही. हे सगळे माझ्या मनात एकेक करून आले असे मी म्हणणार नाही. ते आधीच तिथे बसलेले होते. मी म्हणालो, "काई नाई वहिनी. घसा सुजला हाये. गोळ्या देल्या. बोरं बंद करा म्हणे."

'बोरं बंद करा' हे मी कुठून आणले? मायच्या तोंडचे उचलले. खोटे बोलताना माणूस फार दूर जात नाही. घरात जे पडलेले असते त्यातलेच उचलतो. वहिनींनी मान हलवली. लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "पाहा बरं. आत्याबाई म्हनतच होत्या." मायला, म्हणजे सासूला, त्या आत्याबाई म्हणत.

गोळ्यांनी दोन दिवसांत सूज थोडी उतरली आणि बोलणे मोकळे झाले. मी ते शुभलक्षण मानले. निदान तसे दाखवले. तिसऱ्या दुपारी त्या पुन्हा हातांना पट्ट्या बांधून गुहेत बसल्या. पहिले गाणे कसेबसे पार पडले. दुसरे पऱ्हाटीच्या फुलाचे होते, जे मी शेवटी राखून ठेवले होते. पहिल्यांदा 'लाजी'वर आवाज पोचला नाही. दुसऱ्यांदा खोकला आला. मी दार किलकिले करून म्हणालो, "अजून एकदा, वहिनी." त्यांनी घसा दाखवला. नुसता हात गळ्याशी नेऊन. मी म्हणालो, "एकच डाव." आणि दार लावून घेतले.

त्या खेपेला आवाज वर गेला. 'लाजी'पर्यंत पोचला, तिथे थांबला, आणि थांबल्या जागी मधोमध चिरला. पातळ कापड टर्रकन फाटते तसे नव्हे. आधी एक सूत तुटावे, मग दुसरे, तसा. त्यानंतरचा शब्द नुसत्या हवेने उच्चारला गेला. मी हेडफोन काढला नाही. मशीनही थांबवली नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला भीती वाटली नाही, दयाही आली नाही. हे फार चांगले आले आहे, असे वाटले.

कापूस गेला. रिकाम्या खोलीत मायने केरसुणी फिरवली तेव्हा तिची खरखर पूर्वीसारखीच घुमू लागली. कॅसेट निघाली. वहिनींनी नाव माहेरचेही घातले नाही आणि सासरचेही नाही. नुसते 'सुमन' घातले. शेवटचे गाणे लोकांनी डोक्यावर घेतले. पानठेल्यावर वाजले, लग्नात वाजले. त्या तुटण्यात केवढे दुःख आहे, असे जाणकार म्हणू लागले. हा आवाज घेतला कोणी, हे विचारत माणसे माझ्याकडे आली आणि मग येतच राहिली. वहिनींचा वरचा आवाज मात्र परत आला नाही. बोलताना उरली ती खालची खर. पुढे पुतण्याचा जन्म झाला, तेव्हा त्याला निजवायला भाऊ वहिनींचीच कॅसेट लावी, आणि वहिनी मुकाट्याने पाळण्याची दोरी ओढत बसत. माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "सोन्यासारखा गळा होता. बोरं खाऊन घालवला." सुरुवातीला ती चिडून सांगे, मग सवयीने, मग नुसतेच. वहिनींनी त्या हिवाळ्यानंतर बोर तोंडात घातले नाही. संक्रांतीच्या वाणातले बोरही त्या बाजूला काढून ठेवत. मी ते पाहत असे. प्रत्येक संक्रांतीला पाहत असे.

आता माझी एक खोड माझ्याकडे गाणारे सांगतात. माइकसमोर कोणी एकदा खोकले की मी काम थांबवतो, पाणी देतो, आणि दुसऱ्यांदा खोकले तर त्या दिवसाचे मुद्रण बंद करतो. लोक याला माझी शिस्त म्हणतात. मी त्यांना तसे म्हणू देत आलो, हीसुद्धा एक लबाडीच. बाबा गेले, माय गेली. तीन वर्षांमागे भाऊ गेला. दवाखान्यात त्याच्या उशाशी मी कितीतरी दुपारी एकटा बसलो होतो आणि सांगायला पुरेसा वेळ होता. त्याला सांगायचे राहिले ते राहिलेच.

वहिनी अजूनही बाजाराच्या दिवशी गावाहून येतात. पिशवीत वांगी, सांभार, हंगाम असला तर पोपटाच्या शेंगा. खालच्या घरात बसत नाहीत, वर येतात. पण गच्चीवरच्या माझ्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. दाराबाहेर खुर्ची आहे, तिच्यावर बसून शेंगा सोलतात. अलीकडे एक दिवस त्या अशाच आल्या तेव्हा सेलूची एक मुलगी गाण्यासाठी आलेली होती, पल्लवी नावाची. आवाज उत्तम, वय वहिनींचे तेव्हा होते तेवढेच. मी आत माइक लावत होतो आणि ती बाहेर वहिनींशेजारी बसून गप्पा मारत होती. तिने पिशवीतून बोरे काढली आणि वहिनींपुढे धरली. शेतातली हायेत, घ्या ना काकू, असे काहीतरी म्हणाली.

वहिनींचा तो खरखरीत आवाज मला दारातून ऐकू आला. "मी नाई खात. अन् तू बी नको खाऊ, बाई. तुले गायचं हाये. मीबी गात होती. चांगली गात होती. बोरं खाऊन बसली अन् जन्माचं गाणं घालवलं. डॉक्टरीणबाईनं सांगतलंतं, पण तवापर्यंत उशीर झालता. आपल्याच जिभेपायी गेलं, दुसऱ्याले काय बोल लावू?"

मुलीने बोरे पिशवीत परत टाकली. मी माइकच्या स्टँडकडे पाहत उभा होतो. इतकी वर्षे मला वाटत होते की माझे खोटे आमच्या घरात, आमच्यापुरते निजून आहे. आता ते एका परक्या मुलीच्या पदरात माझ्यादेखत, सद्भावनेने, आशीर्वादासारखे टाकले जात होते. मी बाहेर आलो. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. वहिनींच्या पायांशी जमिनीवर बसलो. त्या घाबरल्या. "काय झालं भाऊजी? चक्कर आली का?"

मी म्हणालो, "वहिनी, तुमचा आवाज बोरानं नाई गेला." आणि मग सगळे सांगितले. डॉक्टरांचे शब्द जसे होते तसे, महिनाभराचे मौन, कापसाची धूळ, आवाज परत येईल हे त्यांचे सांगणे, साऱ्या घराला सांगा म्हणून दिलेला निरोप, आणि एसटीची वाट पाहताना झाडाखाली मी दिलेले उत्तर. छातीतली शीळ ऐकून माइक दूर सरकवला होता, तेही सांगितले. पल्लवी उठून जाऊ लागली; मी तिला थांब म्हणालो. तिनेही ऐकायला हवे होते.

वहिनींनी हातातली शेंग पिशवीत परत ठेवली. बांगड्या आता त्यांच्या हातात नाहीत. रिकामे मनगट त्या दुसऱ्या हाताने चोळत होत्या, पट्टी गुंडाळत असाव्यात तशा. रागावतील, रडतील, जातील, यांतले काहीही मी भोगायला तयार होतो. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, आणि तोही मला नव्हे, स्वतःलाच विचारल्यासारखा.

"मंग मी इतकी वर्सं बोरं काऊन सोडली?"

मी म्हणालो, "माह्यापायी. मी खोटं बोललो म्हणून. तुमची काई चूक नव्हती वहिनी, तुमच्या जिभेची नव्हती, बोरांची नव्हती. मले गाणं पाहिजे होतं, म्हणून मी तुमचा गळा जाऊ देल्ला, अन् वरून दोष तुमच्याच माथी मारला. चूक माही हाये. मले माफ करा."